वाचकांचे प्रश्न : परीलोकात प्रेम सावकाश का शिजते?

या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच कादंबरीभोवती घोटाळणारी निघाली. त्याला योगायोग म्हणावे की मैत्रिणींत पुस्तके फिरवण्याच्या सवयीचा परिणाम, हे ज्याचे त्याने ठरवावे. हेदर फॉसेट या कॅनडातील लेखिकेची ‘एमिली वाइल्ड्‌स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज’ ही ती कादंबरी. ती २०२३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढील दोन वर्षांत तिचे आणखी दोन भाग आले. १९०९ साली केंब्रिजमधील एमिली वाइल्ड ही विदुषी फेअरींचा ज्ञानकोश पूर्ण करण्यासाठी उत्तरेकडील एका बर्फाळ देशातल्या खेड्यात मुक्कामाला जाते आणि तिच्या पाठोपाठ तिचा देखणा, आळशी, गोडबोल्या सहकारी वेंडेल बॅम्बलबी तेथे येऊन थडकतो, एवढी कथा सांगितल्याने कोणाचा विरस होणार नाही. पत्रे जवळजवळ सारखाच प्रश्न निरनिराळ्या अंगांनी विचारणारी असल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. ‘आई, प्रेमकथा आहे, तुला आवडेल’ असे सांगून मुलीने ही कादंबरी माझ्या हाती दिली. दीडशे पाने झाली, तरी नायक-नायिका एकमेकांना टोमणे मारण्यापलीकडे गेलेली नाहीत. पुस्तक खाली ठेववत नाही हे खरे. परंतु यात प्रेम आहे कोठे? माझा धीर कमी पडतो आहे, की लेखिका पाने भरते आहे? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : पुस्तक खाली ठेववत नाही असे आपणच लिहिले आहे, तेव्हा धीराविषयीची शंका सोडून द्यावी. ज्या कथेत काहीच घडत नाही, ती दीडशे पानांपर्यंत कोणी ओढत नेत नाही. जे घडते आहे ते कोठे घडते आहे, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

ही कादंबरी एमिलीच्या रोजनिशीच्या रूपात लिहिलेली आहे, आणि आपल्या मनात काही लिहिण्याजोगे चालले आहे याचा एमिलीला पत्ताच नसतो. फेअरींच्या जाती-पोटजाती, त्यांच्या खोडी, त्यांच्याशी सौदा करण्याच्या रीती तिला तोंडपाठ आहेत. गावातल्या बायकांशी चार शब्द गोड बोलणे मात्र तिला साधत नाही, आणि शेगडीसाठी लाकडे फोडणे तर त्याहूनही साधत नाही. अशा बाईच्या रोजनिशीत प्रेम स्वतःच्या नावाने उतरणार नाही, ते तक्रारीच्या रूपाने उतरते. बॅम्बलबी किती दिखाऊ आहे, त्याचे संशोधन किती संशयास्पद आहे, तो दुसऱ्याकडून कामे कशी करवून घेतो, हे ती पुनःपुन्हा लिहिते, आणि एका माणसाविषयी तक्रार करण्यात कोणी रोज रात्री इतकी शाई का खर्चावी, हा प्रश्न तिला पडण्याच्या कितीतरी आधी वाचकाला पडतो. आपल्याकडेही एखाद्या मुलीच्या तोंडी एकाच मुलाची निंदा वरचेवर येऊ लागली की घरातल्या वडीलधाऱ्या बायका एकमेकींकडे पाहून गालात हसतात. या कादंबरीत ते हसण्याचे काम लेखिकेने वाचकावर सोपवलेले आहे. आपण वाचलेली पाने एकदा मागे चाळून पाहावीत; ज्या दिवशी त्याचा उल्लेख नाही असा दिवस सापडणे अवघड जाईल.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते लेखिकेच्या युक्तीपेक्षा फेअरींच्या मूळ लोककथांत दडलेले आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील या कथांत फेअरींच्या प्रदेशात पाऊल टाकणाऱ्याने काय करू नये, याची जंत्री मोठी आहे. तेथील अन्न खाऊ नये, नाहीतर परत येता येत नाही. घरकाम करणाऱ्या ब्राउनी नावाच्या जीवाला नवे कपडे बक्षीस देऊ नयेत, नाहीतर तो घर सोडून जातो. वचन दिले तर ते अक्षरशः पाळावे लागते, आणि ज्याने ते घेतले तो त्यातली पळवाट शोधण्यात वाकबगार असतो. थोडक्यात, त्या जगात बोललेला शब्द पुसता येत नाही. आता अशा जगात ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य उच्चारणे म्हणजे कोऱ्या मुद्रांकावर सही करण्यासारखे होईल, आणि आयुष्यभर हेच नियम टिपून ठेवलेल्या स्त्रीने ती सही घाईने करावी, अशी अपेक्षा आपण कशी धरणार? आपल्या परिचयाच्या सामाजिक कादंबऱ्यांत प्रेमिकांच्या आड घरदार, जात, पैसा येतो. येथे भाषा आड येते. म्हणून या कथेतील दिरंगाई मला पाने भरण्यासाठी केलेली वाटत नाही. दोघेही बोलण्याआधी शब्द तोलून पाहत आहेत, आणि तो तोल पाहणे हाच वाचनातला आनंद आहे.

तेराव्या शतकातील कवी थॉमस ऑफ अर्सेलडून याच्याविषयी एक जुने स्कॉटिश कथागीत आहे. फेअरींची राणी त्याला आपल्या प्रदेशात नेते; तेथे एक शब्दही बोललास तर परत जाता येणार नाही, अशी तंबी देते; आणि शेवटी त्याला कधीही खोटे बोलू न शकणारी जीभ बक्षीस म्हणून देऊ करते. त्यावर थॉमस कुरकुर करतो, की अशी जीभ घेऊन मी बाजारात खरेदी-विक्री कशी करू, आणि एखाद्या स्त्रीची मर्जी कशी संपादन करू! प्रियाराधनाला थोडे खोटे लागतेच, हे त्या अनाम रचनाकाराला पुरते ठाऊक होते. आपली कादंबरी नेमक्या याच पेचावर उभी आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुन्या कथागीतांत प्रेम सावकाश जुळत असे, असा माझा दावा नाही. ‘टॅम लिन’ हे या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध प्रेमगीत. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने त्याचा एक पाठ छपाईला दिला होता, आणि फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या ३०५ कथागीतांच्या संग्रहात त्याचा क्रमांक ३९ आहे. सेलकर्कजवळच्या कार्टरहॉ या रानात जाण्याची मनाई असताना जॅनेट तेथे जाते, गुलाब खुडते, टॅम लिन प्रकट होतो आणि ती घरी परतते तेव्हा तिला दिवस गेलेले असतात. म्हणजे हल्लीच्या कादंबरीला जेथे पोहोचायला चारशे पाने लागतात, तेथे कथागीत काही कडव्यांत पोहोचते. पण खरी कसोटी त्यानंतर येते. टॅम लिन हा फेअरींनी पळवलेला माणूस आहे, दर सात वर्षांनी फेअरींना नरकाला एक बळी द्यावा लागतो आणि यंदा आपलीच पाळी आहे अशी त्याला भीती आहे. हॅलोवीनच्या मध्यरात्री फेअरींची मिरवणूक निघते, तेव्हा जॅनेटने त्याला पांढऱ्या घोड्यावरून खाली ओढायचे आणि मिठी सोडायची नाही. तिच्या हातात तो साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापलेली लोखंडी कांब होतो, जळता निखारा होतो. ती सोडत नाही. मीलन चटकन आणि धरून ठेवणे प्रदीर्घ, असा तो क्रम होता. आजच्या लेखिकांनी तो उलटा केला आहे: धरून ठेवण्याची कसोटी आधी आणि कबुली नंतर. मला हा बदल आवडतो, कारण यात दोघांनी एकमेकांची सगळी रूपे, त्यांतली विद्रूपेसुद्धा, आधीच पाहिलेली असतात.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. ही कादंबरी मी दोन रात्रींत फोनवर वाचून संपवली आणि आता रिकामे रिकामे वाटते आहे. तळटिपा मात्र मी सगळ्या ओलांडून गेले, कारण कथा थांबते. काही बिघडले का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : बिघडले काहीच नाही, उलट, तुझ्यासाठी अर्धे पुस्तक शिल्लक राहिले आहे. त्या तळटिपा एमिलीने विद्वत्तेच्या तोऱ्यात लिहिलेल्या आहेत, आणि तिच्या सहकाऱ्यांची भांडणे, खोट्यानाट्या संदर्भग्रंथांवरचे वाद आणि कित्येक छोट्या लोककथा त्यांत दडलेल्या आहेत. कथानक ठाऊक झाल्यामुळे आता तुला पुढे काय होते याची घाई उरलेली नाही. त्या टिपा आता सवडीने वाच, शक्य झाल्यास कागदी प्रतीत, कारण फोनवर टिपेपर्यंत जाऊन परत येण्यात माझीसुद्धा वाट चुकते.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही आयर्लंडमध्ये राहतो. येथील एका ज्येष्ठ शेजाऱ्यांशी या कादंबरीविषयी बोलताना मी हसत हसत ‘फेअरी’ शब्द वापरला, तेव्हा ते थोडे गंभीर झाले आणि त्यांनी विषय बदलला. शेतात एकटे उभे असलेले काटेरी झाड तोडत नाहीत, असेही ते म्हणाले. कादंबरीतल्या फेअरी आणि यांच्या श्रद्धेतल्या फेअरी एकच का? आणि मराठीत त्यांना ‘परी’ म्हणावे का? (एक वाचक, डब्लिन)

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचे वागणे परंपरेला धरूनच आहे. आयर्लंडच्या ग्रामीण भागात जुनी माणसे हा शब्द टाळत आणि ‘भली माणसे’ या अर्थाचे शब्द वापरत, कारण नाव घेतले की ती ऐकतात आणि रागावतात, असा समज होता. आपल्याकडे रात्रीच्या वेळी सापाचे नाव न घेता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात, आणि अंगावर उठणाऱ्या जीवघेण्या रोगाला ‘देवी’ म्हणत; त्यातलाच हा प्रकार आहे. ज्याची भीती वाटते त्याला गोड नाव द्यायचे.

हॉथॉर्नच्या एकट्या झाडाविषयी म्हणाल, तर ही श्रद्धा केवळ आजीच्या गोष्टींत उरलेली नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून येथे मोठा रस्ता होत असताना असेच एक झाड वाटेत येत होते. एडी लेनिहन या कथाकथनकाराने ते तोडू नये म्हणून जाहीर आवाज उठवला, आणि अखेर रस्त्याच्या आराखड्यात ते झाड वाचवण्यात आले. देशभर मातीच्या वर्तुळाकार बांधांचे हजारो जुने अवशेष आहेत. इतिहासकारांच्या लेखी ती मध्ययुगाच्या पूर्वार्धातील शेतकऱ्यांची घरे होत, लोकांच्या लेखी फेअरींचे गड. शेतकरी त्यांवर नांगर फिरवायला कचरत असल्यामुळे पुरातत्त्वाचे जेवढे जतन भीतीने केले, तेवढे कायद्याने केले असेल की नाही, याची मला शंका आहे. आपल्या कोकणातील देवरायांविषयीही हेच म्हणता येईल.

आपल्याला आणखी वाचायचे असेल, तर तेथेच एक खजिना आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या सुमारे ५० हजार मुलांकडून, त्यांच्या आजी-आजोबांना विचारून, गोष्टी आणि समजुती वह्यांत लिहवून घेतल्या. त्या वह्या आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाने गोल अक्षरात लिहिलेली, आपल्याच गल्लीतल्या बाईला फेअरींनी कसे नेले याची हकीकत वाचताना अंगावर जो काटा येतो, तो कोणत्याही कादंबरीने येत नाही. एमिली वाइल्डचा खराखुरा पूर्वज शोधायचा झाल्यास मात्र स्कॉटलंडला जावे लागेल. ॲबरफॉइल गावचा पाद्री रॉबर्ट कर्क याने १६९१-९२च्या सुमारास फेअरींचे राहणे, खाणे, राज्यव्यवस्था यांवर एक हस्तलिखित लिहिले, अगदी वन्यप्राण्यांची नोंद करावी तितक्या गंभीरपणे. १६९२ साली गावाजवळच्या टेकडीवर त्याचा मृत्यू झाला, आणि तो मेला नाही, त्याला फेअरींनीच नेले, असे लोक म्हणू लागले. संशोधकाने विषयात इतके बुडू नये, एवढेच मी म्हणेन.

या श्रद्धेची काळी बाजूही आहे. फेअरी माणसाचे मूल किंवा बायको पळवतात आणि त्या जागी आपल्यातला बदली जीव ठेवतात, या समजुतीपायी १८९५ साली टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या २६ वर्षांच्या आजारी स्त्रीला तिच्याच नवऱ्याने जाळले. ही आपली बायको नव्हेच, असे तो म्हणत होता. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला शिक्षा झाली. फॉसेट यांच्या कादंबरीतही बदली मुलाचे एक उपकथानक आहे, आणि त्या घरातील आईबापांचे हाल त्यांनी गोड करून सांगितलेले नाहीत. प्रेमकथेच्या पोटात हा गारठा ठेवण्याचे भान त्यांना आहे म्हणूनच ती प्रेमकथा गुळमट होत नाही. कादंबरीतला देश काल्पनिक आहे, पण तेथील ‘लपलेल्या लोकां’चे नाते आइसलँडच्या लोककथांतील हुल्दुफोल्कांशी (या शब्दाचा अर्थही ‘लपलेले लोक’ असाच) उघड दिसते. आयरिश आणि आइसलँडिक श्रद्धा सरसकट एक नाहीत, आणि कादंबरीने दोन्हींतून हवे ते उचलले आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

राहिला ‘परी’ या शब्दाचा प्रश्न. तो आपल्याकडे फारसीतून आला आणि बालवाङ्‌मयात रुळून पांढरा झगा, पंख आणि जादूची छडी एवढ्यापुरता उरला. जुन्या कथांतल्या फेअरींना पंख नसतात, त्या माणसाएवढ्या उंच असू शकतात, आणि प्रसन्न असल्या तरी धोकादायक असतात. अनुवाद करणाऱ्याने ‘परी’ लिहिले की वाचकाच्या डोळ्यांपुढे स्नेहसंमेलनातली लहान मुलगी उभी राहते. म्हणून मी या सदरात ‘फेअरी’ हाच शब्द ठेवला आहे, आणि ‘परीलोक’ मात्र सोयीसाठी घेतला आहे. ही विसंगती मला मान्य आहे.

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात ही कादंबरी सुचवली, तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की ही परक्यांची भुतेखेते आहेत, आपल्याकडे असले प्रेम कोणी लिहिले नाही. त्यांना काय सांगू? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : त्यांना ऋग्वेदाचे दहावे मंडल उघडायला सांगा. त्यातील पंचाण्णवावे सूक्त म्हणजे पुरूरवा हा मर्त्य राजा आणि उर्वशी ही अप्सरा यांचा संवाद आहे, आणि तो मीलनाचा नसून ताटातुटीनंतरचा आहे. तो परत ये म्हणतो आहे, ती नाही म्हणते आहे. शतपथ ब्राह्मणात या कथेचा पूर्वभाग येतो. उर्वशीने राजाबरोबर राहण्यासाठी अटी घातलेल्या असतात आणि तो विवस्त्र स्थितीत आपल्या दृष्टीस पडू नये, ही त्यांतली मुख्य अट. तिच्या शय्येला दोन कोकरे बांधलेली असतात. तिला परत नेऊ पाहणारे गंधर्व रात्री ती कोकरे पळवतात, राजा तसाच उठून धावतो, गंधर्व वीज चमकवतात आणि अट मोडते. पुढे तो तिला एका सरोवरावर जलपक्ष्याच्या रूपात शोधून काढतो, तेव्हा ती त्याला एका वर्षानंतर एक रात्र देऊ करते. अमानवी प्रेयसी, तिची अट, ती मोडण्याचा क्षण आणि वर्षभराची प्रतीक्षा, हे सगळे येथे आहे. सभासदांना हवी तेवढी सावकाशीही आहे. कालिदासाने पुढे ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात ही कथा बरीच मृदू केली. मला मात्र ब्राह्मणग्रंथातली कोकरे अधिक आवडतात, कारण इतक्या मोठ्या प्रेमाचा घात इतक्या घरगुती गोष्टीने व्हावा, हे खरे वाटते.

खाली उतरून लोकपरंपरेकडे आले, तर नदी-विहिरींच्या काठी शेंदूर लावून पुजल्या जाणाऱ्या साती आसरा आहेत. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’वरूनच आला असे मानतात. तिन्हीसांजेला वाटसरूला रानात गोल गोल फिरवणारा चकवा आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडे हेच काम पिक्सी करतात, आणि त्यावर अंगातला कोट उलटा करून घालणे हा उपाय सांगतात. आपल्या मंडळींत आसरांच्या प्रेमाची चारशे पानी कादंबरी कोणी लिहिली नाही, हे सभासदांचे म्हणणे खरे असले तरी ते वाङ्‌मयाचे दैन्य झाले, सामग्रीचे नव्हे.

एमिली ही आपल्याला परकी वाटू नये, याचे आणखी एक कारण माझ्या मनात आहे. ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहिणाऱ्या दुर्गा भागवत मध्य प्रदेशातील आदिवासींमध्ये अभ्यासासाठी हिंडल्या, आणि तेथे विषारी सुरण खाण्यात आल्यामुळे कित्येक वर्षे आजारी राहिल्या. परक्या प्रदेशातले अन्न जपून खावे, हा फेअरीकथांतला नियम त्यांच्या बाबतीत इतक्या शब्दशः खरा ठरावा, याची मला नेहमी हळहळ वाटते. वही-पेन्सिल घेऊन एकटीने रानोमाळ जाणारी, कमी बोलणारी पण पाहिलेले काटेकोर टिपणारी अभ्यासक स्त्री मराठी वाचकाच्या ओळखीची आहे, एवढे मंडळात जरूर सांगावे.

प्रश्न : माझी नात बारा वर्षांची आहे आणि इंग्रजी सराईतपणे वाचते. मुखपृष्ठ पाहून ती हे पुस्तक मागते आहे. द्यावे का? (एक आजोबा, कोल्हापूर)

उत्तर : पहिल्या भागातील शृंगार पुरेसा संयत आहे, त्यामुळे त्या बाबतीत आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. काही प्रसंगांतील क्रौर्य मात्र थंडपणे सांगितलेले आहे, आणि टोमण्यांआडचे प्रेम ओळखण्याइतका अनुभव या वयात नसल्यामुळे तिला ते दोघे नुसतेच भांडतात असे वाटून कंटाळा येण्याचा संभव अधिक आहे. दोन वर्षे थांबल्यास बरे. तोवर आपण ते स्वतः वाचून ठेवावे, कारण ती वाचील तेव्हा बॅम्बलबीविषयी कोणाशी तरी भांडायला तिला घरात माणूस लागेल.